पहिला तांब्या

"गीझर बिघडला का वं तुमचा?" केसरबाईने बादलीत हात फिरवत विचारलं. "पानी तं पार निवून गेलं."

"आत्ताच तं काढलं, मावशी," न्हाणीच्या दारात टॉवेल घेऊन उभी असलेली उर्वशी म्हणाली. "म्हनून तं विसनाले थंड पानी बाजूले ठेवलं."

केसरबाईने पुन्हा हात घातला. याला कोमटसुद्धा म्हणवत नव्हतं. आजकालच्या पोरींना गरम पाणी कशाला म्हणतात तेही कळू नये, याची तिला गंमत वाटली. अर्ध्या सौंसर गावातली पोरं तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झाली होती, पण एकाच्याही अंगाला कधी चटका बसला नव्हता. हल्ली हातापायांना मुंग्या यायच्या तेवढ्या. वयाच्या माथी मारून ती मोकळी व्हायची.

विसण न घालताच ती पाटावर पाय पसरून बसली. तेलाने निसरडं झालेलं उर्वशीचं सव्वा महिन्याचं पोर डाव्या हातावर घट्ट धरलं आणि रीतीप्रमाणे पहिला तांब्या स्वतःच्या पावलावर ओतला. पायाने सोसलं तरच पोराला, हा तिचा नेम होता. पायाने काहीच कुरकूर केली नाही. तिने दुसरा तांब्या भरून उचलला.

ओघळ दारापर्यंत गेला आणि उर्वशी किंचाळत मागे उडाली. "मावशी, थांबा! पाय! पाय भाजला!"

केसरबाईने तांब्या बादलीत टाकून पोराचे दोन्ही पाय चाचपले, उलटसुलट करून पाहिले. त्यांना थेंबही लागला नव्हता.

"कुठी भाजला वं? बरे तं हायेत."

"त्याचे नाही. तुमचा!"

तिने खाली पाहिलं. पाऊल लालबुंद झालं होतं आणि अंगठ्याजवळ फोड टरारून वर येत होता. तिने त्यावर बोट दाबलं. मग आणखी जोरात दाबलं.

"मंग दुखून काऊन नाही राह्यलं?"

उर्वशीने पोर तिच्या हातातून काढून छातीशी धरलं. केसरबाई रिकाम्या हातांकडे बघत राहिली.

"काल बोरगावले सोनालीची तान्ही पोरगी न्हातानी लई रडली वं," ती हळूच म्हणाली. "मले वाटलं, हट्टी हाये."