कुर्लीचा पाठ

बालवाडी सुटली होती. नाझिया नुकतीच फाटकाबाहेर पडली होती, आणि आयांची वाट बघत आठ-दहा पोरं अजून पडवीत रेंगाळत होती. राहीला नेमकी हीच वेळ हवी होती. तिने इकडेतिकडे पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "चला रे, एक गंमत करूया."

गंमत नाझियाची होती. उद्याच्या परीक्षेतला तिचा पाठ होता तो. बालवाडी शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचं वर्ष संपत आलं होतं आणि उद्या प्रत्येकीने परीक्षक बाईंसमोर याच पोरांचा एक नवा पाठ घ्यायचा होता. नवा म्हणजे नवाच. पोरांकडून आधी घोटून घेतलेला पाठ बाई बरोबर ओळखायच्या आणि अर्धे गुण उडवायच्या. जी पहिली येईल तिला याच बालवाडीत नोकरी. राहीचा नवरा मुंबईहून फोनवर एकच पालुपद लावून होता, नोकरी लागली तर राहा रत्नागिरीत, नाहीतर सामान बांध. कोकण रेल्वे सुरू झाल्यापासून त्याला मुंबई शेजारच्या वाडीसारखी वाटायला लागली होती. राहीला तिथली कोंदट खोली नको होती. तिला ही बालवाडी हवी होती.

आणि मध्ये ही नाझिया.

खरं तर नाझियाने तिचं काय वाकडं केलं होतं? काहीच नाही. तेच तर राहीला जास्त सलत होतं. नाझियाचं अक्षर वेडंवाकडं, तक्ते त्याहून वेडेवाकडे. राहीने करवंट्यांची कासवं केली, जुन्या मोज्यांच्या बाहुल्या केल्या. वर्गातल्या सगळ्याजणी कौतुकाने बघायला आल्या. पोरंही आली, त्यांनी बाहुल्या उचलल्या आणि नाझियाला दाखवायला पळाली. तूबा नावाची चिमुरडी तर राहीने नुसतं "ये गो बाय" म्हटलं तरी नाझियाच्या ओढणीत तोंड लपवायची. आपल्या मोहल्ल्यातली ताई म्हणून तिच्याकडे जात असेल, अशी राहीने मनाची समजूत घातली. पण मग तिच्या सख्ख्या जावेचा ओमकारसुद्धा नाझियाच्या मांडीवर जाऊन बसला, तेव्हा ती समजूतही आटोपली. राही जळत होती. उठता-बसता जळत होती.

नाझियाला याचा पत्ताच नव्हता. "तुला म्हणून सांगते हां गो," असं म्हणत तिने कालच आपला पाठ राहीपुढे उलगडून ठेवला होता. भरती-ओहोटीचा पाठ. पोरांनी किनाऱ्यावरच्या कुर्ल्या व्हायचं, खेकड्यांसारखं आडवं आडवं चालायचं, आणि ताई "लाट आली" म्हणाली की आपापल्या बिळात पळायचं.

राहीला तो पोरांना नुसता शिकवून ठेवायचा होता, एवढंच. हाताशी ना तक्ता होता ना बाहुली, म्हणून ती स्वतःच कुर्ली झाली. हात जमिनीला टेकून ती तिरकी तिरकी सरकत गेली आणि दोन बोटांची नांगी करून तिने ओमकारच्या पोटरीला चिमटा काढला. तो किंचाळला आणि खदाखदा हसायला लागला. मग सगळीच पोरं तिच्यावर तुटून पडली. राहीचा अंबाडा सुटला, साडीला पडवीतली तांबडी धूळ माखली. कुणीतरी पाठीवर चढलं. तिने मान वळवून पाहिलं, तर तूबा! गळ्याला घट्ट मिठी मारून ती राहीच्या कानात ओरडत होती, "लाट आली, लाट आली!"

आया येऊन उभ्या राहिल्या तरी खेळ थांबेना. आपण हे कशासाठी मांडलं होतं, ते राहीला घरी स्टोव्ह पेटवताना आठवलं. आठवलं तेव्हा नाझियाला सांगून टाकावं, असं तिला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी नेहमीसारखा नाझियाला गराडा घातलेला दिसला आणि तो विचार कुठल्या कुठे गेला.

राहीचा पाठ आधी झाला. स्वच्छ, नेटका, बोट ठेवायला जागा नाही असा. पोरांनी जांभया दिल्या, पण शिस्तीत. मग नाझिया उभी राहिली. "आज आपण दर्यावर जायचंय," एवढंच ती म्हणाली. तोवर पोरं उठून आडवी चालायलाही लागली, आणि तिने पुढचा शब्द काढायच्या आत "लाट आली!" करत भिंतींकडे पळाली.

परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "नाझिया, हा पाठ घोटून घेतलाय तुम्ही."

"नाही बाई. अल्लाची शपथ, मी आज पहिल्यांदाच..." तिने वळून राहीकडे पाहिलं. संशयाने नव्हे. तू तरी सांग गो बाईंना, अशा नजरेने पाहिलं. राही खिडकीबाहेरचा माड बघत बसली. बाईंनी मान हलवली आणि गुण लिहायला पेन उचललं. नोकरी राहीची झाल्यात जमा होती.

तेवढ्यात तूबा आपल्या बिळातून बाहेर आली. आडवी आडवी चालत ती नाझियाच्या समोरून गेली, तिच्याकडे न बघता, आणि थेट मागच्या भिंतीशी बसलेल्या राहीपाशी पोचली. ज्या गोष्टीसाठी राही वर्षभर जळली, ती गोष्ट तिच्या मांडीवर चढली, तिने दोन्ही हातांनी राहीचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"राहीताई, काल झालीस ना तशी आज पण तूच कुर्ली हो."