तळाशी उरलेलं दूध

शाळेआधी दूध प्यायचं म्हणजे चिमीच्या अगदी जिवावर यायचं. आई चपला घालून, पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहायची, "पेला रिकामा झाल्याशिवाय मी कामावर जायची नाही," म्हणायची. "तुझी लेक घोटाघोटाला मुहूर्त काढते गं," घरातली मावशी बहिणीला चिडवायची.

आज पहाटे देवाने चिमीच्या आईला बोलावून घेतलं. उन्हं वर आली, खांदा द्यायला आलेली माणसं दारात ताटकळली, तरी चिमी आपली पेला धरून बसलेली.

"संपव गं बाळा. आईला शेवटचा नमस्कार करायचाय, सगळे खोळंबलेत," मावशीने डोळे पुसत विनवलं.

घोटभर दूध तळाशी ठेवून चिमीने पेल्यावर हात धरला.



"नाही संपवणार. पेला रिकामा झाला की आई निघते."