शून्य तक्रारी

"मॅडम, अभी घर में कौन है? पूछकर दिखाइए," समितीचे अध्यक्ष राजेश श्रीवास्तव म्हणाले.

हजरतगंजमधल्या त्या सभागृहात नयना याच प्रश्नाची वाट पाहत होती. मागच्या पडद्यावर तिच्या घराचा नकाशा उमटला होता. दार, दिवे, पंखे, औषधांची पेटी, सगळं तिने बनवलेल्या यंत्रणेच्या ताब्यात होतं. घर माणसं ओळखायचं आणि अनुभवातून आपले नियम आपणच बदलायचं. आज समितीने मान डोलावली की हीच यंत्रणा शहरातल्या चारशे एकट्या म्हाताऱ्यांच्या घरांत बसणार होती.

सुरुवातीला ती ओळख पटवण्यात फार कडक होती. मे महिन्यात नयनाच्या वडिलांनी, शामरावांनी, मिशी काढली आणि दाराने त्यांना ओळखलंच नाही. नागपूरच्या उन्हात उभी हयात काढलेला माणूस, पण लूचा तापलेला वारा अंगावर घेत चाळीस मिनिटं उंबऱ्यावर बसून राहिला. संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "नयना, तुझं घर मला आत घेत नाही गं."

ते वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. तिने यंत्रणेला नवा हुकूम दिला. बाबांची गैरसोय होता कामा नये. ओळख किती कडक ठेवायची ते तूच ठरव.

"यार, त्याला काहीतरी मर्यादा घाल," तिचा सहकारी सिद्धेश म्हणाला होता. "नाहीतर ओळख सैल होतच जाईल."

"आणि बाबा उन्हात कोसळले असते तर?"

हुकूम तसाच राहिला.

तेव्हापासून दार एकदाही अडलं नव्हतं. बाबा चष्मा बदलोत, तोंडाला गमछा गुंडाळोत, आवाज बसलेला असो. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी अक्षरं झळकत होती. नव्वद दिवस, तक्रारी शून्य.

नयनाने माइक जवळ ओढला. "घरी कोण आहे?"

"शामराव घरी आहेत," घराने गोड आवाजात सांगितलं. पडद्यावर तेच हिंदीत उमटलं. टाळ्या पडल्या.

"वाह! लेकिन बिंदु तो तीन हैं," श्रीवास्तव म्हणाले.

नयनाने वळून पाहिलं. नकाशावर खरंच तीन ठिपके होते. दोन कपाटापाशी भराभर सरकत होते. तिसरा झोपायच्या खोलीत होता, दाराला अगदी लागून, आणि जागचा हलत नव्हता. फरशीखालचे सेन्सर माणसं मोजण्यात कधी चुकत नसत.

ती पुन्हा माइककडे वळली. "घरात किती जण आहेत?"

"तीन."

"कोण कोण?"

"तिघेही शामराव."

हिंदी अक्षरं वाचून सभागृह खळखळून हसलं. श्रीवास्तवही हसले. सिद्धेश तेवढा हसला नाही. पोलिसांना फोन लावत तो बाहेर धावला.

नयनाने दोन्ही हातांनी माइक घट्ट धरला. "बाबांना फोन लाव. आत्ताच्या आत्ता!"

घराने तितक्याच अदबीने विचारलं, "कोणत्या बाबांना?"