बँडसाठी वैनगंगा

चौपन्न सालच्या शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत माझी बायको रंभा पटकीनं गेली. खबर आली तेव्हा गोंडपिपरीत आमच्या बँडची तालीम चालू होती. वैनगंगा नदीच्या नावानं मी बँडसाठी चार भागांचं मोठं संगीत रचत होतो. सूर लिहिता कोणालाच येत नव्हतं. कोणी ओळ विसरला की दारात धान पाखडणारी रंभा ती गाऊन द्यायची. तेरवीनंतर मी सगळ्यांना बोलावलं. सुतकात मिशी काढलेल्या माझ्या ओठाला कॉर्नेटचा पितळी बाजा परका लागला. तिसऱ्या भागात भोंगा वाजवणारा मनसाराम अडला. “वयनी तं नाई, आता कोनाले इचारू?” ढोल वाजवणारा घनश्याम म्हणाला, “लग्नाचीच गानी वाजवू भाऊ, पोट त्यानंच भरते.” “तुह्या पोटाचं मंग पाहू,” मी म्हटलं. “पहिल्यापासून वाजवा.” दिवस मावळेपर्यंत फुंकलं, तेव्हा मनसारामला ओळ सापडली. चौथा भाग मी रंभालाच ऐकवला होता. तो अजून बसवायचा आहे.