लाल कार्डाच्या आधी

"पाह्यलं का? फिरवलं थोबाड," सीताबाई म्हणाल्या. "मी काय इख चारून राह्यली का याले?"

चमचा हवेतच राहिला. अश्विनने मान भिंतीकडे वळवली होती आणि डोळे घट्ट मिटले होते. आत्तापर्यंत तर बरा खात होता. मुगाचं वरण कालवलेला मऊ भात, पाच-सहा चमचे गेले होते पोटात. समोर उशीला टेकवलेल्या फोनवर फुटबॉल चालला होता आणि पोराची नजर त्यावरून हलत नव्हती. मग एकाएकी हे.

"बापाचाच गुण. मनासारखं नाई झालं का जेवणावर राग."

बोलून टाकलं खरं, पण राग आला असता तर सीताबाईंना हवाच होता. रागावायलाही माणूस ठिकाणावर लागतो. सव्वा महिना झाला होता. उमरेडच्या कोळसा खाणीवर डंपर चालवणारा त्यांचा धडधाकट लेक समुद्रपूरला घरी येताना मोटारसायकलवरून पडला, डोक्यावर आपटला आणि दवाखान्यातून परत आला तो असा. हात हलायचे, घास गिळता यायचा. बोलणं नाही, ओळख नाही. नाव काय, आई कोणती, असं डॉक्टर विचारायचे आणि हा छताकडे पाहायचा. सीताबाईंनी भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो उतरवून त्याच्या डोळ्यांपुढे धरला होता. फोटोवरूनही त्याची नजर तशीच घसरून गेली. त्या दिवशी सीताबाई मागच्या अंगणात जाऊन बसल्या आणि दिवे लागेपर्यंत उठल्या नाहीत.

सोमवारी पुन्हा दाखवायला न्यायचं होतं. काही आठवतं याची एक तरी खूण दिसू द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. नाही दिसली तर काय, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. सीताबाईंनी विचारलंही नव्हतं.

आवडीचं दाखवत जा, हेही डॉक्टरांचंच सांगणं. अश्विनची आवड म्हणजे फ्रान्सचा फुटबॉल. तिथल्या मोठ्या लीगमधली लाँस गावाची टीम त्याने आपली मानली होती. त्या गावात एके काळी कोळशाच्या खाणी होत्या, एवढ्यावरच सोयरीक जुळवलेली. म्हणून त्याची बायको नंदिनी रोज दुपारी त्याच्या जेवणाच्या वेळी एक मॅच लावून द्यायची. सीताबाईंना खेळ कळत नव्हता. पण खाणवाले कोणते ते कळलं होतं, आणि त्यांना कोणी धक्का दिला की त्या धक्का देणाऱ्याच्या सात पिढ्या काढायच्या. आज पॅरिसवाल्यांशी गाठ होती.

तेवढ्यात फोनमध्ये शिटी वाजली. खाणवाल्यांच्या एका गड्याचा पाय पॅरिसवाल्याच्या पायावर पडला होता. पंचाने लाल कार्ड काढून वर धरलं. गडी मान खाली घालून चालायला लागला.

"काहाडला बाहेर," सीताबाई म्हणाल्या. "आता आपले दहाच राह्यले का वो?"

"हो आई." नंदिनी खाली बसून सोमवारचे कागद लावत होती. तिने मान वर केली नाही. "आता लागोपाठ तीन गोल होतीन आपल्यावर."

"बरं बोल ना बाई. तुले काय ठाऊक पुढचं?"

"जुनी मॅच हाय. तीन वर्षं झाली. तवा आमी उमरेडले क्वार्टरमध्ये होतो. त्या साली एका पॉइंटानं चॅम्पियन व्हाचे राह्यले हे लोकं. तुमच्या लेकानं दोन दिवस तोंडात घास नाई घेतला."

आजवर सीताबाईंची समजूत अशी, की फ्रान्सची माणसं रोज दुपारी, ऐन जेवणाच्या वक्ताला मैदानावर उतरतात. त्यांना कामधंदा नसल्याबद्दल त्यांनी नावंही ठेवली होती.

"जुनी?"

त्यांनी चमचा ताटात ठेवला. भिंतीकडे वळलेल्या त्या मानेकडे पाहिलं. शिटी आत्ता वाजली होती. मान शिटीच्या आधी वळली होती.

"मागं घे," त्या म्हणाल्या.

"काय वो?"

"तो खेळ मागं घे. पयलेपासून. न ते कागद ठेव खाली. याच्या तोंडाकडे पाहाय."

नंदिनीने मॅच पहिल्यापासून लावली. मैदानावरचा गलका पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने अश्विनची मान हळूहळू सरळ झाली, डोळे उघडले आणि फोनवर जाऊन थांबले. सीताबाईंनी चमचा पुढे केला. त्याने खाल्लं. मग आणखी एक. कितीतरी वेळ चेंडू नुसता इकडून तिकडे जात होता. भात संपत आला.

फोनमध्ये काहीच घडत नव्हतं. कोणी पडलं नव्हतं, कोणी ओरडलं नव्हतं. अश्विनच्या कपाळावर आठी उमटली. त्याने ओठ आवळले, डोळे मिटले आणि मान भिंतीकडे वळवली.

मग शिटी वाजली.

नंदिनीचा हात तोंडावर गेला. "पयल्यांदा पाह्यलं तेवढंच, मंग यायनं ते कार्ड पुन्हा कधीच पाह्यलं नाई, आई. क्वार्टरमध्ये कितीदा ही मॅच लावली, पण त्या जाग्यावर आले का फोन पालथाच घालत."

एवढं बोलून ती भिंतीला टेकली आणि हमसून हमसून रडू लागली. सीताबाईंनी तिला रडू दिलं. सव्वा महिन्यानंतर त्यांच्या छातीत श्वास पुरता मावला. त्यांनी पदराने अश्विनचं तोंड पुसलं, त्याच पदराने आपले डोळे पुसले. मग त्याची हनुवटी चिमटीत धरून चेहरा आपल्याकडे वळवला.

"डोस्कं शाबूत हाय तुयं," त्या म्हणाल्या. "अक्कल पयलेबी नव्हती, तिचं पाहू मंग."