ओगाता सरांचा लघुग्रह

मंगळ आणि गुरू यांच्यामधे फिरणारा एक चिमुकला लघुग्रह चिनामीने शाळेत असतानाच शोधला होता. शोधणारीच्या हक्काने तिने त्याला नाव दिलं, तेही चक्क ओगाता सरांचं! त्यानिमित्त जपानमधल्या कोचीच्या सभागृहात समारंभ होता, आणि सर नवाकोरा कोट घालून मिरवत होते.

"पोरीला मीच घडवलं बरं का!"

"हो हो, आता आभाळातच बिऱ्हाड करा," हेडसरांनी चिमटा काढला.

चिनामी माइकपुढे येऊन कमरेत वाकली. "रात्रभर दुर्बिणीपाशी जागून मी सरांच्या तासाला ढाराढूर झोपायचे. पण सरांनी कधी उठवलं नाही. एवढी माया कोण करतं?"

टाळ्या थांबेनात, आणि सरांना मान वर करवेना.



ती वर्गात झोपायची, हे त्यांना आत्ता कळलं होतं.