दिव्याचं तेल

दिव्याचं तेल कुठेच सापडेना. मृणालीने वरच्या स्वयंपाकघरातली फळी धुंडाळली, देव्हाऱ्याखालचं कपाट उघडलं, गॅसच्या मागे हात घालून पाहिला. भाजीचं गोडं तेल होतं, डोक्याचं खोबरेल होतं. तिळाचं नव्हतं.

“आई, तुळशीच्या दिव्याचं तेल कुठं ठेवतेस? शेजारच्या राहीबाईंना देऊन जाऊ. उद्यापासून त्याच लावणार ना दिवा?”

आनंदीबाई देवापुढे बसून वाती वळत होत्या. “असंल कुठंतरी,” त्या म्हणाल्या आणि कापसाला पीळ देत राहिल्या.

खालून हॉर्न वाजला. पाठोपाठ ड्रायव्हर हितेशची हाक आली. “ताई, जल्दी करा हां! कशेळीला जाम लागला ना, तर पुण्याला उद्याच पोचू.”

बॅग जिन्याच्या तोंडाशी भरून ठेवली होती. गुडघ्यांनी दावा धरला होता, रोजचा जिना होत नव्हता, म्हणून लेकीकडे पुण्याला जायला आनंदीबाईंनी एकदाचं हो म्हटलं होतं.

वळ गावातल्या या घरात आई वर राहत होती आणि बाबा खाली. मृणाली बारावीत असताना बाबांनी, दौलतनी, खाडीकडचं शेत गोदामासाठी देऊन टाकलं. घरात विचारलंसुद्धा नाही. त्या शेतात आनंदीबाई लग्नाच्या वर्षापासून भात लावत आल्या होत्या. त्या संध्याकाळी त्यांनी एकवीरा आईच्या तसबिरीवर हात ठेवला. या माणसाशी पुन्हा बोलणार नाही, याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही. मग देव उचलले, दोन पातेली उचलली आणि बाहेरच्या जिन्याने वर आल्या.

राग पुढे ओसरला. शपथ मात्र देवीला दिलेली, ती कशी ओसरणार? संकष्टी पाळावी, एकादशी पाळावी, तशी त्यांनी तीही पाळली. आणि एक नेम रोजचा. तिन्हीसांजेला अंगणातल्या तुळशीपाशी दिवा लागल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही.

सकाळीच मृणालीने बाबांच्या कानावर घातलं होतं. “आईला पुण्याला नेतेय. कायमची.”

दौलत चहा फुंकत होते. “तिची मर्जी,” ते म्हणाले. बशी तशीच ठेवून मागच्या पडवीत निघून गेले. मृणालीला वाटलं, संपलंय सगळं. नेलेलंच बरं.

“तुज्या घरी मी दिसभर काय करू गो?” आनंदीबाईंनी विचारलं. “आन् तू तरी त्या लॅबमदी काय करतंस? येकदा मला समजंल असं सांग.”

मृणाली खाली बसली. पूजेच्या ताटात विड्याची पानं होती. त्यातली दोन तिने एकावर एक ठेवली. “हे बघ. पानं म्हणजे अणूंचा एकेक थर. याहून पातळ काही होतच नाही. दगडावरून आम्ही तो चिकटपट्टीने सोलून काढतो.”

“चिकटपट्टीनं? आन् त्याचा पगार देतात?”

“देतात!” मृणाली हसली. “त्यावर प्रकाश टाकला की वरच्या पानातला इलेक्ट्रॉन उठतो आणि खालच्या पानात जाऊन बसतो. वर त्याची जागा रिकामी राहते. ती जागा त्याला ओढत असते. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. एकाच पानात असली तर दोघं लगेच भेटतात. भेटली की उजेड पडतो आणि जोडी संपते. पण दोन पानांत असली ना, की भेट होता होत नाही. म्हणून जोडी जास्त टिकते.”

खालून खोकल्याची उबळ ऐकू आली. आनंदीबाईंचा हात थांबला. उबळ शमल्यावर पुन्हा चालू लागला.

“आन् उजेड?” त्यांनी विचारलं. “दोन पानांतल्यांचा?”

“पडतो की. मंद असतो. पण पडतो.”

 सांज झाली तशा आनंदीबाई उठल्या. एका मुठीत वात, दुसरीत काडेपेटी. रोज अशाच उतरायच्या. एकेका पायरीवर टेकत त्या अंगणात आल्या. मागून मृणाली गोड्या तेलाची बाटली घेऊन उतरली. “आजच्यापुरतं हेच घालू, आई.”

दौलतच्या खोलीचं दार बंद होतं. हितेश गाडीला टेकून मोबाइल बघत होता.

मृणाली तुळशीपाशी वाकली आणि बाटली तशीच हातात राहिली. दिवा भरलेला होता. काठोकाठ. इतका, की तेल कडेवरून सांडून वृंदावनावर ओघळलं होतं. तिळाच्या तेलाचा वास येत होता.

आनंदीबाईंनी ओघळ पदराने टिपला. वात सोडली, काडी ओढली. ज्योत धरेपर्यंत दोन्ही हातांचा आडोसा केला. मग हात जोडून उभ्या राहिल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

“गाडी परत धाड, बाय,” त्या हळूच म्हणाल्या.

“अगं, पण का? आणि तेल घातलं होतंस तर सांगायचंस ना. मी उगाच घरभर शोधत बसले.”

आनंदीबाई ज्योतीकडेच बघत होत्या.

“मी वर आले त्या दिशी तेलाची बरणी खालीच राह्यली,” त्या म्हणाल्या. “वात रोज माजी असते. तेल मी कदीच घातलं न्हाय.”